भेवाची घडी

गिरीपुंजेकाका कुठल्याही खोलीत शिरण्याआधी दारात थांबून हवा हुंगत. आमच्या ऑफिसात फार तर कुणाच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास असायचा, तिथेसुद्धा दोनदा श्वास ओढून मगच पाय आत. मी नवी होते तेव्हा मला हसू आवरेना. एकदा विचारलंच, "काका, कशाचा वास येतोय?"

"कायचाच नाई येत," ते म्हणाले आणि आपली खुर्ची दाराच्या बाजूला ओढून बसले. मग थोड्या वेळाने, जणू मी अजून विचारतच होते अशा सुरात, "वास नाई आला का जास्त भेव वाटते, सुषमाबाई."

भेव म्हणजे भीती. आमच्या घरी, दुर्गला, हा शब्द आई उच्चारू देत नसे. 'मले-तुले' केलं की ती डोळे वटारायची. काकांचे वडील मात्र भंडाऱ्याकडून शेती सोडून भिलाईत कामाला आलेले. त्यांच्या घरात तीच बोली मुरली होती, आणि काकांना तिची लाज अजिबात वाटत नव्हती. लाज फक्त एकाच गोष्टीची वाटायची: कुणी घाबरत नाही याची. एखादा फिटर छाती काढून म्हणाला, "हमको डर-वर नहीं लगता," की काका खाली मान घालत, जसा काही तो फिटर चारचौघांत उघडा पडला होता.

भिलाई म्हटलं की बाहेरच्यांना जो अवाढव्य पोलाद कारखाना आठवतो, तो आमचा नव्हे. आमची आपली खुर्सीपारच्या पलीकडची एक मध्यम रोलिंग मिल. लोखंडाचे ठोकळे तापवायचे आणि त्यांच्या सळ्या ओढायच्या. तापवायला लागणारा गॅस कोळशापासून तिथेच तयार व्हायचा, दोन मोठ्या भट्ट्यांमध्ये. तो तिथून माणूस वाकून चालू शकेल एवढ्या जाड नळातून पुढे जायचा. त्या नळाला सगळे डक्ट म्हणत. डक्टमध्ये काजळी आणि डांबर साचतं, आणि अधूनमधून माणसाला आत उतरून ते खरवडावं लागतं. गॅसला डांबराचा वास येतो कधी, कधी येत नाही. त्यातलं जे विष असतं त्याला तर रंगही नाही आणि वासही नाही. माणसाला आधी झोप येते. एवढंच.

कुठली मशीन कधी बंद करायची, तिच्यावर कोण काय काम करणार, हे सगळं ठरवणं काकांकडे. मी खरेदीचं बघायची. जागा कमी म्हणून आमची टेबलं एकाच खोलीत. म्हणजे त्यांच्या भेवाची मी पगारी साक्षीदार.

ते भेव ते एका फाइलीत ठेवत. फाइलीचं नावच 'भेव'. पूर्वी कधीतरी कारखान्यात आलेल्या एका कॉम्प्युटरवाल्याने त्यांना एक साधं साधन दाखवलं होतं: काळा पडदा, पांढरी अक्षरं, ना चित्र ना रंग. ओळीच्या आधी एक चांदणी टाकली की ते मोठं कलम. दोन चांदण्या टाकल्या की त्याच्या पोटातलं लहान कलम. एका कलमातून दुसऱ्याकडे जायला दुवा टाकता यायचा. तिथे बोट दाबलं की पडदा उडी मारून तिकडे. प्रत्येक कामाच्या पुढे 'करायचं' किंवा 'झालं' असं लिहिता यायचं. काकांनी त्यात स्वतःची एक तिसरी पायरी घातली होती: 'झालं पण भेव हाय'. त्यांच्या फाइलीतली बहुतेक कामं आयुष्यभर त्याच पायरीवर बसलेली.

आणि एक बटण दाबलं की कलमाच्या पोटातला सगळा मजकूर आत जायचा. वर फक्त मथळा आणि त्याच्या शेजारी तीन टिंबं उरत. काका त्याला 'घडी' म्हणत. साडीची घडी, सतरंजीची घडी, तशी ही मजकुराची. "थांबा, घडी उघडतो," असं म्हणत ते बटण दाबायचे की एका ओळीच्या पोटातून वीस ओळी बाहेर. मला ते बघायला आवडायचं. नीटनेटक्या मथळ्यांच्या खाली केवढी घबराट दडपून ठेवलेली असायची!

मी रुजू झाले त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमाले कायचं भेव वाटते?" नाव-गाव-शिक्षण काही नाही, थेट हेच. मी थट्टेने म्हटलं, "पालीचं." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चांदणी टाकली, माझं नाव लिहिलं आणि खाली 'पाल'. मी ते विसरूनही गेले. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तो माझ्या टेबलावरच्या ट्यूबलाइटमागची भिंतीतली फट सिमेंटने बुजवलेली. पडद्यावर माझ्या नावापुढे 'झालं पण भेव हाय'.

"आता कसलं भेव काका? फट तर बुजली."

"पाल आतमंदी राह्यली असन तं?" ते म्हणाले. त्यानंतर आठवडाभर मी त्या भिंतीकडे पाठ करून बसले नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खरं. पण काकांच्या बाबतीत गंमत अशी की तो राक्षस ते आपल्याही पाठी लावून देत.

घरीही हाच कारभार. शांताकाकू म्हणायच्या, "आमच्या इथं देवाजवळ दिवा लावाले बी ह्यायचं परमिट लागते." मुलीच्या लग्नात मांडवाच्या चारही कोपऱ्यांत वाळूच्या बादल्या ठेवल्या होत्या. वरपक्षातल्या एका काकांनी पानाची पिंक त्यातल्या एकीत टाकली, तेव्हा गिरीपुंजेकाका पंगत सोडून उठले आणि ती बादली बदलून आले. व्याही रुसले. काकू रडकुंडीला आल्या. काका मात्र जेवायला परत बसताना माझ्या कानाशी म्हणाले, "वाळू ओली झाली तं आग इझत नाई नीट." व्याह्यांचा राग इझला की नाही याची त्यांना फिकीर नव्हती.

एक नवे मॅनेजर आले, त्यांना काकांची काळी फाइल बघवेना. ते म्हणाले, मोबाइलवर ॲप घ्या, त्यात रंगीत चौकोन असतात, काम झालं की हिरवा होतो. काकांनी ॲप घेतलं. दोन दिवस प्रामाणिकपणे चौकोन रंगवले. तिसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन, दारातच उभं राहून म्हणाले, "साहब, इसमें हरा होने के बाद डर किधर लिखना?" मॅनेजरांना वाटलं थट्टा चालली आहे. मला ठाऊक होतं की हा माणूस थट्टा करूच शकत नाही. काळी फाइल चालू राहिली.

सगळे त्यांना हसत, पण त्यांचा एक नियम कुणी मोडत नसे, कारण तो हसण्यासारखाच होता आणि त्यात मजा होती. डक्टमध्ये किंवा टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या कमरेला दोरी बांधायची हे तर कुठेही असतं. काकांच्या इथे आत गेलेल्याने गायलाही पाहिजे. काम संपून वर येईपर्यंत. येत नसेल तर पाढे म्हण, शिव्या दे, पण आवाज थांबता कामा नये. आवाज थांबला की बाहेरच्याने विचारायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, सरळ ओढायचं.

मनहरण नावाचा एक ठेकेदाराचा मजूर होता, खुर्सीपारला राहायचा. पहिल्यांदा त्याला सांगितलं तेव्हा तो लाजून म्हणाला, "मोला गाना नइ आवय, साहब." मला गाणं येत नाही. पण आत गेला आणि त्याने असा ददरिया धरला की बाहेरची माणसं हातातलं काम थांबवून ऐकत राहिली. शेतात भाताची रोवणी करताना बायामाणसं एकमेकांना चिडवत गातात ते ददरिया. डक्टमध्ये ते घुमून भलतंच गोड लागायचं. तेव्हापासून उतरायचं काम निघालं की मनहरणच. काका दोरीपाशी उभे राहून ऐकत. सगळे माना डोलवत. काकांच्या कपाळावर घाम.

हा नियम कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, डबा खाताना, मान वर न करता. तरुणपणी ते दुसऱ्या गावी, दुसऱ्या कारखान्यात हेल्पर होते. टाकीत त्यांचा दोस्त उतरला, देवाजी. काका बाहेर दोरी धरून. "बोलत होता न माह्याशी. सिनेमाले जाऊ म्हने. मंग चूप झाला. मले वाटलं, काम करून राह्यला. मी बी चूप बसलो. म्हटलं, कायले त्याले तरास द्याचा?" पोळीचा तुकडा त्यांनी भाजीत बुडवला आणि तसाच ठेवला. "लय येळ चूप बसलो मी, सुषमाबाई."

त्यांनी डबा झाकला. त्या दिवसापासून मी त्यांच्या हुंगण्याला हसले नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे आपण सहज म्हणून जातो. पोळलेलं तोंड समोर बसलेलं असलं की म्हण तोंडातून निघत नाही.

त्यांच्या फाइलीतल्या सगळ्या चांदण्यांखाली भेव एकच होतं, ते मला त्या दिवशी कळलं. आपण बाहेर उभे असताना आत माणूस जिवानिशी जाईल. पुन्हा जाईल, आणि तेही आपल्या हातून.

तो दिवस आला तेव्हा काका कारखान्यात नव्हते. त्यांच्या मावशीच्या तेरवीला ते गोंदियाला निघाले होते. डक्ट साफ करायचं काम ते परतल्यावर होतं. पण पहिल्या भट्टीत बिघाड झाला, ती बंदच पडली, तेव्हा मॅनेजर म्हणाले, आजच उरकून घ्या. काम शिफ्टचे इन्चार्ज साहूजी यांच्याकडे आलं. साहूजी म्हणजे सरळ, मेहनती गृहस्थ, दुर्गजवळच्या खेड्यातले, बोलणं छत्तीसगढी नाहीतर हिंदी. काकांबद्दल त्यांच्या मनात इतका आदर की काका जे सांगतील ते अक्षरशः करायचे. हे 'अक्षरशः' लक्षात ठेवा.

साहूजी आमच्या खोलीत आले, काकांच्या कॉम्प्युटरवर 'भेव' उघडली. डक्टच्या कामाचे मथळे ओळीने दिसत होते: गॅस बंद करणे. ब्लाइंड घालणे. हवा खेळवणे. मीटर लावून बघणे. माणूस उतरवणे. ब्लाइंड म्हणजे नळाच्या जोडात अडकवायचा लोखंडी पत्रा, त्याने गॅसची वाट बंद होते. साहूजींनी सगळं कागदावर उतरवून घेतलं. मथळ्यांच्या शेजारची तीन टिंबं त्यांना टिंबंच वाटली असणार. मग, माणूस नेक, म्हणून त्यांनी काकांना फोनही केला. काका गाडीत होते. आवाज तुटत होता. साहूजींनी फोन स्पीकरवर टाकला तेव्हा मी कुणाशी तरी खिळ्यांच्या भावावरून वाद घालत होते. माझ्या कानावर फक्त काकांचा ओरडून बोलण्याचा सूर आला.

"समझ गया साहब, समझ गया," साहूजी म्हणाले आणि गेले.

तासाभराने एका पावतीवर त्यांची सही हवी होती म्हणून मी डक्टपाशी गेले. काम व्यवस्थित चाललेलं. पत्रा लावलेला, मीटर लावून हवा स्वच्छ असल्याची खात्री केलेली, तोंडाशी साहूजी आणि एक मदतनीस दोरी धरून उभे. आतून मनहरणचा ददरिया घुमत होता. ऊन होतं, गाणं होतं, मला बरं वाटलं. साहूजींनी सहीसाठी खिशातून पेन काढलं, तर पेनाबरोबर एक मनगटी घड्याळ बाहेर आलं. मग दुसरं. मग तिसरं.

"ये क्या साहूजी, दुकान खोली है?"

ते हसले. "एक मेरी, एक इसकी, एक मनहरण की. सुपेला बाजार से लाया है, नई है. गिरीपुंजेजी फोन पे दो-दो बार बोले न: पहले घड़ी खोलना. घड़ी खोले बिना आदमी नहीं उतारना."

मी पण हसले. काकांना घड्याळाचंही भेव! लोखंडाला अडकत असेल, ठिणगी उडत असेल, त्यांच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. हसत हसत मी पावती पुढे केली आणि सही व्हायच्या आत ती मागे ओढली.

आम्ही भिलाईचे मराठी लोक हिंदी आणि मराठी एकाच ताटात कालवून जेवतो. कुठला शब्द कुठल्या भाषेतला हे आम्हाला कळतही नाही, कळून घ्यायची गरजही पडत नाही. हिंदीत घड़ी म्हणजे घड्याळ, आणि घड़ी खोलना म्हणजे ते मनगटावरून काढणं. काका हिंदी बोलत होते, पण घडी त्यांनी आपली घातली होती. साडीची. सतरंजीची. फाइलीतली. घडी उघडा, खालचं वाचा, मग माणूस उतरवा. आणि साहूजींनी अक्षरशः तिघांची घड्याळं काढून खिशात ठेवली होती.

त्या घडीखाली काय लिहिलंय हे मला माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की तिथे काहीतरी आहे आणि ते कुणी वाचलेलं नाही. मी वर बघितलं. दुसऱ्या भट्टीच्या धुराड्यातून धूर निघत होता. सकाळी ती बंद होती, हे मला आठवलं; पहिली बंद पडली म्हणून कुणीतरी ती पेटवली असणार. त्याचा याच्याशी काही संबंध आहे की नाही, मला काय ठाऊक? मी खिळे-बोल्ट विकत घेणारी बाई. ऑफिसात पळत जाऊन वाचावं? तोवर?

"साहूजी, निकालो उसको."

"का होगे, क्या हुआ मैडम?" ते म्हणाले. "गा तो रहा है."

गात होता. खरंच गात होता. मी कान दिला. आणि मला जाणवलं की मघापासून तो एकच ओळ म्हणतोय. तीच ओळ, परत तीच, पुढची येतच नाहीये. मग त्या ओळीतले शब्द एकमेकांवर ओघळायला लागले, पेंगुळलेल्या लेकरासारखे. साहूजींच्याही ते त्याच वेळी लक्षात आलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं, पण हाका मारायच्या नाहीत हा नियम त्यांच्या अंगात भिनला होता. ते ओढायला लागले. आम्ही तिघांनी ओढलं. दोरी जड होत गेली, कारण आतून चालत येणारं कुणी नव्हतं, नुसतं वजन होतं. मला त्या वजनाची भीती आजही दोन्ही तळहातांत जाणवते.

तो बाहेर आला तेव्हा डोळे उघडे होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं. मग त्याला उलटी झाली. उलटी बघून इतका आनंद मला आयुष्यात कधी झालेला नाही. त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. संध्याकाळपर्यंत तो बोलला, आणि पहिलं काय बोलला असेल तर, "मोर घड़ी?"

साहूजींनी त्याचं घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. मग बाहेर व्हरांड्यात येऊन, भिंतीकडे तोंड करून ते रडले.

मी ऑफिसात परत जाऊन 'ब्लाइंड घालणे' या मथळ्यावर ते बटण दाबलं. खालून तीन ओळी उघडल्या. 'दोन जागी घालाचं. दुसऱ्या भट्टीची नवी नळी मांगून येऊन मिळते. एकच घातलं आन दुसरी भट्टी चालू झाली तं आतला माणूस गेला.' खाली देवाजीच्या कलमाकडे दुवा दिलेला होता. त्यावर बोट दाबायची माझी हिंमत झाली नाही.

काका तेरवीचं जेवण न जेवता मिळेल त्या गाडीने परतले. आधी दवाखान्यात जाऊन मनहरणच्या उशाशी बसले, मग ऑफिसात आले. साहूजी मान खाली घालून उभे. आता काका बोलतील, ओरडतील, असं सगळ्यांना वाटलं. काका दारात थांबले, हवा हुंगली, खुर्चीवर बसले. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

"साहूजी का क्या दोष?" ते म्हणाले. "आप तो जो सुना वो किया." मग माझ्याकडे वळून, मराठीत, हळू: "दिसाले नीट दिसलं पायजे म्हणून घड्या करत होतो मी. पाहुणा आला तं पसारा दिसू नये असं. भेव झाकून ठेवाची चीज नाई, सुषमाबाई. झाकलं तं ते एकल्याचंच राहते."

त्या दिवसापासून त्यांनी एकही घडी केली नाही. 'भेव' सताड उघडी. आता ती फाइल खाली सरकवत सरकवत जावी लागायची, आणि डक्टच्या कामापर्यंत पोहोचायच्या आधी माझी पाल, मुलीची हायवेवरची स्कूटी, काकूंचा गॅसचा रेग्युलेटर, सगळ्यांची भेवं डोळ्यांखालून जायची. सगळं वाचूनच पुढे जायचं असा हुकूम. वैताग यायचा. पण लोक वाचत, साहूजी तर मोठ्याने वाचत. मराठी कळायचं नाही तिथे मला विचारत, आणि मी सांगितलेलं पुन्हा काकांकडून तपासून घेत.

काका मात्र सुधारले नाहीत, उलट खचले. पूर्वी ते माणसांना घाबरवायचे. आता स्वतःच्या शब्दांना घाबरायला लागले. साधं "दार लावा" म्हणाले तरी समोरच्याला विचारत, "काय समजले? बोला." निवृत्त होईपर्यंत हे असंच. निरोप समारंभात त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं तर ते माइककडे बघत उभे राहिले आणि हात जोडून खाली बसले.

मग एक दिवस काकूंचा फोन आला. काकांचं डोकं दुखायचं, तोल जायचा, डॉक्टरांनी मेंदूची तपासणी सांगितली होती, आणि नेहरू नगरच्या सेंटरमध्ये गेल्यावर ते त्या मशीनमध्ये जायला तयार नव्हते. "तुमी या न, सुषमाबाई. माह्यं आयकत नाई हे."

मी पोचले तेव्हा काका त्या खोलीच्या दारात उभे राहून हवा हुंगत होते. अंगात दवाखान्याचा निळा झगा, पाय उघडे. पलीकडे ते मशीन: पांढरं, गोल, मधोमध माणूस मावेल एवढं भोक. मला ते बघताक्षणी कळलं. आयुष्यभर दोरी धरून बाहेर उभा राहिलेला माणूस. त्याला कुणी आत जायला सांगितलंच नव्हतं.

"बाहेर कोन राहीन?" त्यांनी विचारलं.

"मी आहे काका. काचेपलीकडे."

"दोरी नाई हाय."

टेक्निशियनने त्यांच्या हातात एक रबरी फुगा दिला. काही वाटलं तर दाबा म्हणाला. काकांनी तो दाबून पाहिला, घंटी वाजली. विश्वास बसला नाही. पुन्हा दाबला. मग माझा हात धरला.

"मी गातो," ते म्हणाले. "बंद झालं का ओढजा. हाका नोका मारू."

"ओढते."

"काय समजले? बोला."

"गाणं बंद झालं की ओढायचं. हाका मारायच्या नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि आडवे झाले. मी काचेमागे गेले. फळी सरकली, डोकं आत गेलं, खांदे गेले, काचेतून फक्त पावलं दिसायला लागली. आणि आतून आवाज आला. मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. मनहरणचा ददरिया होता तो. इतकी वर्षं दोरीपाशी उभं राहून ऐकलेला, सुरात नाही, शब्द निम्मे छत्तीसगढी निम्मे भंडाऱ्याचे. काकू पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. मशीन खडखडायला लागलं की आवाज बुडायचा, थांबलं की पुन्हा वर यायचा.

टेक्निशियनने माइकचं बटण दाबलं. "अंकल, चुप रहिए. सिर हिल रहा है, फोटो बिगड़ रहा है."

गाणं थांबलं.

त्यानेच थांबवलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, कानांनी ऐकलं होतं. तरी माझा हात दाराच्या मुठीवर गेला. "त्यांना बाहेर काढा," मी मराठीतच म्हणाले. "मैडम, सब ठीक है, मैंने ही बोला," तो म्हणाला, आणि मी मूठ दाबली. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या काचेशी समजलं. काका ज्यात जगले ते हे होतं. बाहेर उभं राहायचं, आणि आत शांतता.

पुढे नागपूरला ऑपरेशन झालं, आणि काही दिवसांनी काका गेल्याचा काकूंचा दुसरा फोन आला. तिकडचं मी काही पाहिलेलं नाही. आता ते आठवले की डोळ्यांपुढे येतात ते त्या काचेपलीकडचे, आणि तेही फक्त घोट्यापासून खाली.

कारण मी दार उघडणार इतक्यात त्यांच्या उजव्या पायाची बोटं हलली. आधी वाटलं, कापतायत. मग लक्षात आलं, ती ठेक्यावर पडतायत. वर, खाली, वर, खाली. डोकं हलवायचं नाही, आवाज काढायचा नाही, पण बाहेर सुषमाबाई उभी आहे, तिला कळलं पाहिजे. मी मूठ सोडली आणि काचेला कपाळ लावून त्या बोटांकडे बघत राहिले, पापणी न लवता. टेक्निशियन म्हणाला, पैर हिले तो चलता है. बोटं थांबली नाहीत. आधी मशीनच थांबलं.